मोठ्या मायजवळ ठेवलेलं उत्तर

आमच्या कामात ज्याला उत्तर माहीत असतं, त्याच्यासोबत कोणी चहा पीत नाही. मी नवी होते तेव्हा हा नियम ऐकून खूप हसले होते. पुढं एका चहाच्या कपापायी आमच्या सगळ्या गटाची वर्षभराची मेहनत वाया गेली आणि हसू थांबलं. ती गोष्ट सांगतेच. पण आधी काम काय ते सांगायला हवं, कारण पुण्यात इतकी वर्षं नोकरी करूनही मी सडक अर्जुनीजवळच्या आमच्या गावी गेले की माझा चुलत भाऊ रमेशदादा अजून विचारतो, "शालू, तू तठी नेमकं करतस का वो?"

मी आकार मोजते. दीर्घिकांचे. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची गावं. मोठ्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत दूरदूरच्या दीर्घिका दिसतात त्या हळदीचं बोट कागदाला लागावं तशा. कोणता डाग गोल, कोणता लांबट, कोणता तिरपा. अशा कोट्यवधी डागांची लांबी, रुंदी आणि कल मोजायचा. मोजतो संगणक, पण त्याला शिकवायचं, त्याच्या चुका धरायच्या आणि हवेनं फोटो किती पुसट केलाय ते हिशेबातून वजा करायचं, हे माझ्याकडं. हवा फार लबाड असते. ती सगळेच डाग एका बाजूला ओढून ठेवते आणि आपण काही केलंच नाही असं दाखवते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या दीर्घिकांचा प्रकाश आपल्याकडं येताना वाटेतल्या वजनदार गोष्टींच्या ओढीनं किंचित वाकतो, आणि मग मागच्या दीर्घिकेचा आकार आपल्याला किंचित ताणलेला दिसतो. वाटेतलं वजन डोळ्यांना दिसो वा न दिसो, प्रकाश वाकतोच. याला दुर्बळ गुरुत्वीय भिंग म्हणतात आणि त्यातला 'दुर्बळ' हा शब्द अगदी खरा आहे. हा ताण इतका बारीक असतो की एका दीर्घिकेवरून काहीच कळत नाही, कारण ती मुळात कशी होती ते कोणाला ठाऊक? धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, एका रोपाकडं बघून वारा कुठला ते सांगता येत नाही; एकेक रोप आपल्याच तऱ्हेनं वाकडं असतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून सगळी बांधी बघितली की कल दिसतो. आम्ही तेच करतो, फक्त बांधी जरा मोठी असते.

आणि यातून ठरवायचं काय? दीर्घिका ज्या वेगानं इकडं तिकडं ओढल्या जातात ते पाहता विश्वात दिसतं त्यापेक्षा खूप जास्त वजन असावं असं वाटतं. मग एक तर न दिसणारं कृष्णद्रव्य खरंच तिथं आहे, किंवा तसलं काहीच नाही आणि आपला गुरुत्वाकर्षणाचा नियमच एवढ्या लांब अंतरांवर चुकतोय. याची पारख करायचा एक मार्ग असा, की आकाशाच्या एकाच भागात दीर्घिका किती वेगानं ओढल्या जातात तेही मोजायचं आणि प्रकाश किती वाकतो तेही. नियम बरोबर असेल तर दोन्ही मोजमापांचं ठरावीक नातं जुळतं. नियम बिघडलेला असेल तर प्रकाश ठरल्यापेक्षा कमी किंवा जास्त वाकलेला निघतो. झालं, एवढंच. आमची उमर या 'एवढंच'मध्ये जाते.

आता चहाचं. माणसाचा एक स्वभाव आहे, उत्तर मनासारखं आलं की तो चुका शोधायचं थांबवतो. नाही आलं की शोधत बसतो. त्यामुळं आम्ही आमचं खरं उत्तर आमच्यापासूनच लपवतो. आमच्या गटाबाहेरचा एक प्रोग्रामर मोजलेल्या आकारांच्या यादीच्या तीन प्रती करतो. एक खरी. दोन खोट्या, त्यांत सगळे आकार थोडे कमीजास्त ताणलेले. आम्ही तिन्हींवर सारखीच मेहनत करायची, तिन्हींचे आलेख काढायचे. खरी कुठली हे फक्त एका बाहेरच्या माणसाला माहीत. सगळं काम संपलं, आता यात काही बदलणार नाही असं सगळ्यांनी कबूल केलं, की तो माणूस नाव सांगतो आणि मग जे येईल ते छापायचं.

पहिल्या वेळी असा माणूस म्हणून आम्ही एका निवृत्त प्राध्यापकांना नेमलं. फार गोड माणूस, आणि तोच घोटाळा झाला. काम अर्ध्यावर असताना एकदा कँटीनमध्ये चहा पिता पिता ते मला म्हणाले, "तुम्ही मंडळी खूश होणार आहात हं." बस. गटाला कुठलं उत्तर आवडेल ते आम्हाला ठाऊक होतं, त्यामुळं एवढ्या एका वाक्यानं खोटं कुठलं आणि खरं कुठलं ते मला कळलं, माझा चेहरा बघून आमचे गटप्रमुख अनिरुद्ध यांना कळलं आणि दुपारपर्यंत शिपायालाही कळलं. अनिरुद्ध शुद्ध पुणेरी गृहस्थ, आवाज चढवत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "शालिनीताई, आता सगळं पुन्हा." आणि आम्ही सगळं पुन्हा केलं.

दुसऱ्या वेळी नवा माणूस शोधायची पाळी आली तेव्हा नेमकी मोठी माय पुण्याला माझ्याकडं आली होती. मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, रमेशदादाची आई. मोतीबिंदू काढून डोळ्यांत नवे भिंग बसवायला तिला मी आणलं होतं. आम्ही कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारे, आणि आमच्या गावाच्या तलावात जेवढं पाणी आहे तेवढ्या गोष्टी मोठ्या मायच्या पोटात आहेत असं लोक म्हणतात. गावातल्या बाया आपली सगळी गुपितं तिला येऊन सांगतात. आजवर त्यातलं एक तिच्या तोंडून बाहेर पडलेलं कोणी ऐकलेलं नाही. दादाचं लग्न ठरलेलं तिला आठवडाभर आधी माहीत होतं आणि तिनं ते दादालाही सांगितलं नव्हतं.

मी गमतीनं अनिरुद्धना हे सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्यांना वाचता येतं का?"

"चौथी झाली आहे. आणि आता डोळेही नवे आहेत."

"आपल्या विषयातलं काही कळतं?"

"काही नाही."

"मग याहून चांगला माणूस मला तरी माहीत नाही," अनिरुद्ध म्हणाले.

तीन प्रतींना नावं द्यायची होती. मी आमच्याकडच्या धानाची दिली: चिन्नोर, दुबराज, लुचई. प्रोग्रामरनं असं करून ठेवलं की संगणक आपल्या मनानं चिठ्ठ्या उचलल्यासारखं करून नावं फिरवेल आणि खऱ्या प्रतीचं नाव पडद्यावर एकदाच, मोठ्या अक्षरांत दाखवेल. मोठ्या मायला मी खुर्चीत बसवलं, डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला आणि आम्ही सगळे खोलीबाहेर गेलो. दार लावलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली.

"वाचलं?" मी विचारलं.

"हाव."

"लक्षात राहील?"

"मले कायले इचारतस वो? तुले जेवन कोनतं आवडते तेही मले याद आहे." मग अनिरुद्धकडं वळून म्हणाली, "पन फोनवर मी सांगनार नाई. फोनात कोन कोन आयकते. शालू गावाले येईन, तवा तिच्या तोंडावर सांगीन."

अनिरुद्ध म्हणाले, "मान्य आहे." तोच शब्द संगणकातही कुलूपबंद ठेवला होता, वयाचं माणूस आहे, काही झालं तर म्हणून. ते कुलूप उघडायला मात्र संस्थेच्या समितीची बैठक लागत असे.

पुढचं दीड वर्ष आम्ही राबलो. आकाशाचा तोच भाग, त्याच दीर्घिका, तीन प्रती, तीन आलेख. मधोमध नियमाची रेषा. चिन्नोरचा आलेख त्या रेषेवरून जात होता. दुबराजचा वर, म्हणजे प्रकाश जास्त वाकतोय, नियमात गडबड आहे. लुचईचा खाली; फोटो पुसट राहिले की असंच दिसतं, त्यामुळं तो खरा निघाला तर लोकांनी नियमाऐवजी आमच्याच मोजणीला दोष दिला असता. अनिरुद्ध कधी बोलले नाहीत, पण त्यांना दुबराज हवा होता हे आम्हा सगळ्यांना समजत होतं. दुबराज खरा निघाला तर पुस्तकं बदलावी लागली असती. मला काय हवं होतं? खरं सांगायचं तर मला रोज वेगळं हवं असायचं. सकाळी दुबराज, संध्याकाळी चिन्नोर. लुचई कोणालाच नको होता, बिचारा.

गावी मी सुट्ट्यांना जात होते आणि मोठी माय कसोशीनं व्रत पाळत होती. तिनं तिन्ही धानांची नावं घेणंच सोडून दिलं होतं. दुकानात तांदूळ घ्यायचा तर बोटानं दाखवून "हा दे" म्हणायची. उन्हाळ्यात मी गेले तेव्हा घरात चिन्नोर होता, वासच येत होता, तरी तिनं मला जाडा भात वाढला.

"मोठी माय, चिन्नोर आहे ना घरात?" मी म्हटलं.

"असू दे. तो वाढला असता तं तू म्हनली असतीस, मोठ्या मायनं इशारा केला."

रमेशदादा तिकडून ओरडला, "अवो माय, मले तं वाढ! मी कोठी पुन्याचा आहो?"

त्यालाही वाढला नाही. दादानं तिच्याकडून तो शब्द काढायचे सगळे उपाय करून पाहिले होते. शेवटी त्यानं विचारलं, "निदान पयलं अक्षर सांग." तिनं सांगितलं, "श." तिन्हींत 'श' कुठंच नाही हे दादाच्या लक्षात यायला रात्रीचं जेवण उलटलं.

मग ती दिवाळी आली. काम संपलं होतं. पाडव्यानंतरच्या आठवड्यात मी गावी असणार, आणि मी शेजारी असले तर फोनवर बोलायला मोठी माय राजी झाली होती, तेव्हा तिला फोनसमोर बसवून सगळ्यांना एकदम नाव ऐकवायचं असा साधा बेत होता. मी आरामात होते. आणि गावी पोचून मी ओसरीवर बॅग ठेवते तोच, दुपारी, अनिरुद्धचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत, पण शब्द घाईत.

"ताई, तो परदेशातला मोठा गट आहे ना, आपल्यासारखंच मोजणारा, त्यांचा निकाल उद्या सकाळी जाहीर होतोय. आत्ताच कळलं."

त्यांचा निकाल आम्ही आधी पाहिला आणि मग आमचं नाव उघडलं, तर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही त्यांच्याशी जुळवून घेतलं म्हणतील. दीड वर्षं डोळे मिटून चालायचं आणि शेवटच्या पावलाला डोळे उघडे होते म्हणून ऐकून घ्यायचं.

"आजच उघडू," मी म्हटलं.

"चार वाजता. सगळ्यांना कळवतो. समितीचा मार्ग बंद आहे, सगळे दिवाळीला गेलेत. सगळं तुमच्या मोठ्या मायवर आहे."

मी धावत आत गेले. "मोठी माय! मोठी माय!"

घरात कोणी नाही. अंगणात दादा मोटारसायकल पुसत होता.

"माय तं मंडईले गेली," तो म्हणाला.

"कुठल्या मंडईले?"

"पलीकडच्या गावच्या. शेजारच्या बायांसंगं सकारीच गेली. काऊन, का झालं?"

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते हे मी लहानपणापासून जाणते. पाहुणे येतात, दंडारीचं लोकनाट्य होतं, दुकानं लागतात, लेकीसुना भेटतात. आकाशातला सगळा हिशेब मी केला होता, फक्त मंडई कुठल्या दिवशी ते विचारलं नव्हतं. फोन लावला तर तो घरातच, उशीखाली वाजला.

"दादा, गाडी काढ."

"मले पयले सांग तं, का झालं?"

"तुझ्या मायकडं विश्वाचा नियम आहे आणि ती तो घेऊन मंडईत गेलीये!"

दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि गाडी काढली.

महामार्गावर ट्रकांच्या मागून, मग आत वळून कच्च्या रस्त्यानं, धानाच्या भाऱ्यांनी भरलेल्या गाड्यांना बगल देत आम्ही पोचलो. मंडई तलावाखालच्या खोलगट मैदानात भरली होती. अशी गर्दी की गाडी बाहेरच ठेवावी लागली. बांगड्या, जिलेबी, फुगे, गळ्यात गळे घालून रडणाऱ्या आणि लगेच हसणाऱ्या बाया. एकीकडं गुरं राखणारे गोवारी घुंगरू बांधून नाचत होते. मी फोन काढला. नेटवर्क नाही. एकही दांडी नाही. त्या खड्ड्यात टॉवरचा काही पत्ताच लागत नव्हता.

चार वाजायला आले होते. दादा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. जिलेबीच्या दुकानात नाही, बांगड्यांत नाही, दंडारीसमोर बसलेल्या बायांत नाही. शेजारची एक बाई भेटली, तिनं हात हवेत फिरवून कुठंतरी दाखवलं. दादा हताश होऊन मैदानाच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "माय! ओ माय!"

वरून, अगदी आभाळातून आवाज आला, "काऊन गा, बोंबलून राहिला?"

आम्ही वर पाहिलं. आकाशपाळण्याच्या एका पाळण्यात, लुगड्याचा पदर कमरेला खोचून, दोन्ही हातांनी दांडी धरून मोठी माय बसली होती. एकटीच. आणि पाळणा फिरत होता.

"खाली ये! पुण्याहून फोन आहे!" मी ओरडले.

ती खाली आली, समोरून सर्रकन गेली. जाता जाता म्हणाली, "आता तं बसली—" आणि वर गेली.

पुढच्या फेरीला: "जन्मात पयल्यांदा—" आणि गेली.

त्याच्या पुढच्या फेरीला: "डोरे नवे आहेत, तं पाहून घेऊन राहिली!"

पाळणेवाला डिझेल इंजिनापाशी उभा होता, गोंदियाकडचा, हिंदी बोलणारा. मी त्याला पाळणा थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, बैठना है तो बैठो, नहीं तो साइड हो जाओ. लाइन लगी है."

मला काय सुचलं कोणास ठाऊक. म्हटलं, "बैठना है." त्यानं चाक हळू केलं, मोठ्या मायचा पाळणा खाली आला तसा दांडी उचलली आणि मी साडी सावरत तिच्या शेजारी जाऊन आदळले. पाळणा निघाला.

"भ्याली तं नाई ना?" तिनं विचारलं.

मी काही बोलणार तोच हातातला फोन थरथरला. आम्ही वर पोचलो होतो आणि वर नेटवर्क होतं! दोन दांड्या! फोनवर अनिरुद्धचा चेहरा उमटला, मागं छोट्या छोट्या चौकटींत आमचा सगळा गट. "ताई, आहात कुठं तुम्ही? सगळे वाट बघ—" आणि आम्ही खाली आलो. आवाज गेला.

पुन्हा वर. "ताई, मागं ते काय फिरतंय?"

"मीच फिरतेय! मोठी माय सापडली—" खाली.

पुन्हा वर. "छान! मग विचा—" खाली.

खालून जाताना मी दादाला ओरडून सांगितलं, "वर थांबवायला सांग! वर नेटवर्क आहे!" दादा पाळणेवाल्याकडं धावला. पुढच्या फेरीला त्यांचं बोलणं कानावर पडलं. दादा आपल्या मराठीत आणि पाळणेवाल्याच्या हिंदीत मिळून समजावत होता, "अरे भाई, मोठी सायन्सवाली बात आहे! पूरी दुनिया की!" पाळणेवाला म्हणाला, "सायन्स है तो थोड़ी देर रोकता हूँ. मगर लाइनवाले चिल्लाएँगे तो छोड़ दूँगा."

आणि आम्ही सगळ्यात वर थांबलो.

पाळणा थोडा झुलला आणि निश्चल झाला. खालचा गोंगाट एकदम लांब गेला. तलावाचं पाणी उन्हात चमकत होतं, त्यापलीकडं कापलेली आणि न कापलेली धानाची बांधी, लांब महामार्गावर मुंगीएवढे ट्रक, आणि नवेगावकडचं काळंनिळं जंगल. मोठी माय डोळे बारीक करून बघत होती. मी फोन तिच्यासमोर धरला. इतका जवळ, की पुण्याला आमच्या दोघींची नाकंच दिसत असावीत.

"हे सारे कोन आहेत?" तिनं विचारलं.

"माझ्यासोबत काम करणारे."

"आयकून राहिले का सारे?"

"हो, मोठी माय," अनिरुद्ध म्हणाले. मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज वर चढलेला ऐकला. "सगळे ऐकतोय."

आता विचारायचे प्रश्न मी तिला कधीचे शिकवून ठेवले होते. उघडण्याआधी ते विचारल्याशिवाय नाव सांगायचं नाही असा आमचाच नियम. ती एकही विसरली नव्हती.

"काम पुरं झालं का?"

"झालं."

"आता मी नाव सांगतलं का मंग त्यात काही बदलनार नाई ना? आवडलं नाई तरी?"

चौकटींतले सगळे एका सुरात म्हणाले, "नाही."

"तुमी बोला," ती अनिरुद्धना म्हणाली.

त्यांच्या मनात अजून दुबराजच होता, हे मला माहीत होतं. "नाही बदलणार," ते म्हणाले. "जे असेल ते."

खालून लाइनवाले ओरडायला लागले होते. मोठ्या मायनं पदर नीट केला, फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि शाळेत कविता म्हणावी तशी मोठ्यानं म्हणाली, "चिन्नोर!"

फोनवर तिचं तोंड 'चि'वरच गोठलं. नेटवर्क गेलं होतं. पण 'चि' पोचला होता, आणि तेवढं पुरेसं होतं. तिघांत 'चि'नं सुरू होणारा एकच. आवाज नव्हता, पण चित्र एकदा हललं आणि त्यात पुण्याचे सगळे लोक खुर्च्यांवरून उठलेले दिसले.

आणि माझ्या डोक्यात तो आलेख उभा राहिला. चिन्नोर. रेषेवरचा. दीर्घिकांच्या वेगावरून काढलेलं गणित आणि प्रकाशाच्या वाकण्यावरून काढलेलं गणित, दोन वेगळ्या वाटांनी, डोळे झाकून चालत येऊन एकाच जागी भेटली होती. हवेनं आम्हाला फसवलं नव्हतं. मी वजा केलेली प्रत्येक पुसटशी छटा बरोबर वजा झाली होती. मी किंचाळले. चांगलीच किंचाळले, हात वर करून, आणि पाळणा गदागदा हलला.

"पडशीन ना वो!" मोठी माय मला धरून ओरडली.

खालून पाळणेवाल्याचा आवाज आला, "मॅडम डर गई! उतारो, उतारो!" आणि चाक सुरू झालं.

आम्हाला उतरवायचं तर बाकीचे पाळणे आधी येत होते, त्यामुळं अजून काही फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी वर गेलो की अनिरुद्धचं एकेक वाक्य मिळत होतं.

"ताई, रेषेवर! अगदी रेषे—"

"मला दुबराज हवा होता हो! खरंच हवा—"

"पण किती देखणं जुळलंय! मी रडतोय की—"

शेवटच्या फेरीला नुसताच सगळ्यांचा गलका. कोणीतरी मोठ्या मायच्या नावानं जय म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी परदेशी गटाचा निकाल आला. आमच्याशी जवळपास जुळणारा, आणि आम्ही आमचं नाव त्याआधीच उघडलेलं होतं. नाव उघडलं त्याच दिवशी अनिरुद्धनी सगळं सही-शिक्क्यानिशी संस्थेत नोंदवून ठेवलं होतं, त्यामुळं कोणाला बोट ठेवायला जागा राहिली नाही. पेपरात मात्र आमची बातमी आली नाही. नियम मोडला असता तर पहिल्या पानावर आली असती. नियम टिकला याची बातमी कोण छापणार? कृष्णद्रव्य कशाचं बनलंय ते आजही कोणाला माहीत नाही. आम्ही एवढंच म्हणू शकतो की ते तिथं असल्यासारखंच सगळं वागतं. आणि आलेखाच्या एका टोकाला चिन्नोर रेषेखाली किंचित झुकतो, परदेशी गटाचाही तिथं झुकतो, त्याचं कारण अजून सापडलेलं नाही. अनिरुद्ध त्या टोकाकडं आताशा फार प्रेमानं बघतात. थोडी हळहळ मलाही आहे. आयुष्यात एकदा तरी पुस्तक बदलायला लावावं असं कोणाला वाटत नाही? पण कोणी मला विचारलं की तुझ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा क्षण कुठला, तर मी आकाशपाळण्याचंच नाव घेईन, आणि समोरच्याला वाटेल मी थट्टा करतेय.

त्या दिवशी आम्ही पाळण्यातून उतरलो तेव्हा दादा मला दोन्ही हातांनी हलवून विचारत होता, "का निघालं? का निघालं?" मोठ्या मायच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं, डोक्यावरचा भारा उतरवून ठेवलेल्या बाईसारखं.

"शालू," ती म्हणाली, "मंग आता सांगाले हरकत नाई ना? कोनालेही?"

"काही हरकत नाही. कोणालाही सांग."

"खरंच ना?"

"अगं, सगळ्या मंडईला सांग!"

तिनं मग वेळ घालवला नाही. आधी दादाला सांगितलं, त्याच्या कानात नव्हे, मोठ्यानं. मग पाळणेवाल्याला. तो म्हणाला, "अच्छा अम्मा." मग शेजारच्या बाया भेटल्या त्यांना, एकेकीला थांबवून. जिलेबी तळणाऱ्याला सांगितलं. फुगे विकणाऱ्याला सांगितलं. दीड वर्ष एकही शब्द बाहेर न पडू देणारी आमची मोठी माय मंडईभर फिरत जो भेटेल त्याला "चिन्नोर होता! चिन्नोर!" असं सांगत सुटली होती, आणि मी नि दादा हसून हसून पोट धरून तिच्या मागं.

शेवटी बांगड्यांच्या दुकानापाशी ती बसली. बांगडीवाली तिचा हात दाबून माप बघत होती.

"चिन्नोर होता, बाई," मोठी माय तिला म्हणाली.

बांगडीवालीनं मान हलवली. "हाव ना, बाप्पा. यंदा चिन्नोरच चांगला झाला."

मोठ्या मायनं वळून माझ्याकडं पाहिलं. "पाह्य शालू," ती म्हणाली, "हिले कसं एका दमात समजलं."